पाण्याच्या लेबलावर आधी लिटर लिहा : मानके ठरवणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
पाणी वाचवणाऱ्या घरगुती उपकरणांची मानके आणि स्टार रेटिंग ठरवणाऱ्या संस्थांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

घरातली दोन न्हाणीघरे नव्याने करून घेताना मी दोन्हीकडे एकाच मॉडेलचे शॉवर बसवले. खोक्यावरच्या लेबलावर मिनिटाला 9 लिटर हा आकडा होता, त्याशेजारी तारे होते, आणि निवड करताना मी त्या दोहोंवर पूर्ण विश्वास ठेवला. काम संपल्यावर 10 लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन मी दोन्ही शॉवर मोजून पाहिले. टाकीच्या लगेच खाली असलेल्या वरच्या न्हाणीघरात बादली भरायला जवळजवळ तीन मिनिटे लागली, म्हणजे प्रवाह मिनिटाला साधारण साडेतीन लिटर होता. तळमजल्यावरच्या न्हाणीघराला पंपाचे पाणी येते, तिथे तीच बादली एका मिनिटात भरली. वर अंगावरचा साबण निघत नव्हता आणि खाली लेबलापेक्षा जास्त पाणी जात होते. लेबलावरचे 9 लिटर मला दोन्ही ठिकाणी मिळाले नाहीत.

लेबल खोटे होते असे मी म्हणत नाही. चाचणीच्या टेबलावर, ठरलेल्या दाबाला, त्या शॉवरमधून 9 लिटरच पाणी आले असणार. परंतु तो दाब किती होता हे लेबलावर कुठेही छापलेले नव्हते, आणि ज्या घरात तो शॉवर लागणार त्या घरातला दाब किती आहे हे विचारायला मला कोणी सुचवले नव्हते. हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण हेच आहे. आपण जे लेबल तयार करता ते मोजमापाचे साधन आहे, आणि मोजमापाचे साधन ज्याच्या हातात पडते त्याला ते वाचता आले पाहिजे.

लेबल ही गोष्ट किती मोलाची आहे, हे मला आधी मनापासून नोंदवावेसे वाटते. पाण्याचा प्रवाह वस्तूकडे पाहून कळत नाही. दुकानातल्या फळीवर दोन नळ शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दोन्हींची चकाकी सारखी, वजन सारखे, फिरवायची दांडीही सारखीच. त्यातला एक मिनिटाला 16 लिटर सोडतो आणि दुसरा 5 लिटरवर थांबतो, हे कोरड्या नळाकडे पाहून अनुभवी प्लंबरलाही सांगता येणार नाही. ऑस्ट्रेलियाने 2005 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि 1 जुलै 2006 पासून नळ, शॉवर, कमोड, वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर यांच्यावर पाण्याचे लेबल सक्तीचे केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच वर्षी वॉटरसेन्स हा ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला. सिंगापूरने 2006 मध्ये ऐच्छिक लेबलापासून सुरुवात केली आणि 2009 मध्ये ते सक्तीचे केले. 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी आयएसओ 31600 हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. म्हणजे आज जी संस्था नवे लेबल आखते किंवा जुने सुधारते, तिच्यासमोर इतरांचा पुष्कळ अनुभव आहे. त्या अनुभवातले बारकावे सामान्य घरापर्यंत पोहोचावेत, एवढीच माझी विनंती आहे.

दाबाचा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडते, कारण माझ्या मते सर्वाधिक फसगत तिथे होते. एखाद्या साध्या छिद्रातून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब चौपट झाला तर प्रवाह दुप्पट होतो, आणि दाब दहाव्या हिश्श्यावर आला तर प्रवाह जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एक बार दाब देतो. त्यामुळे नळाच्या वर तीन-साडेतीन मीटरवर टाकी असेल, तर त्या नळाला एक तृतीयांश बारच्या आसपासच दाब मिळतो, आणि वाटेतले कोपरे, व्हॉल्व्ह आणि जुन्या पाइपातला गाळ त्यातूनही काही खातात. उलट पंपाच्या किंवा उंच जलकुंभाच्या पाण्यावर तोच नळ तीन बारच्या पुढे जातो. प्रयोगशाळेतला दाब बहुतेक वेळा या दोहोंपेक्षा निराळाच असतो. मग लेबलावरचा एकच आकडा या सगळ्या घरांना लागू कसा पडावा?

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत किंवा शॉवरच्या गळ्यात रबराची एक लहानशी कडी बसवता येते. दाब वाढला की ती कडी दबून पसरते आणि पाण्याची वाट अरुंद करते, दाब कमी झाला की पुन्हा सैल होते. अशा फ्लो रेग्युलेटरमुळे दीड बारपासून चार-पाच बारपर्यंत प्रवाह जवळजवळ एकसारखा राहू शकतो. नुसते छिद्र लहान करून प्रवाह कमी केलेला नळ आणि रेग्युलेटर बसवलेला नळ चाचणीत एकच आकडा मिळवू शकतात, त्यांना तारेही तितकेच मिळतात, परंतु घरी आल्यावर दोघांची वागणूक अगदी निराळी असते. पहिला जास्त दाबाला पाणी उधळतो आणि कमी दाबाला रडतो. दुसरा जास्त दाबाला आटोक्यात राहतो, आणि चांगला बनवलेला असेल तर कमी दाबालाही पुरेसे पाणी सोडतो. ग्राहकाला हा भेद दाखवणारी एकही खूण माझ्या खोक्यावर नव्हती.

वॉटरसेन्सच्या न्हाणीघरातल्या नळांच्या अटीत या प्रश्नाचा विचार झालेला दिसतो, आणि तो मला अनुकरणीय वाटतो. तिथे सुमारे 4.1 बार दाबाला नळाने मिनिटाला 5.7 लिटरपेक्षा जास्त पाणी सोडता कामा नये, ही कमाल मर्यादा आहे. परंतु त्याबरोबरच सुमारे 1.4 बार इतक्या कमी दाबालाही त्याने किमान 3 लिटर दिलेच पाहिजेत, अशी दुसरी अट आहे. हे दोन्ही आकडे लेबलावर छापले तर घर कुठलेही असो, माणसाला अंदाज बांधता येईल. माझी पहिली मागणी ही आहे की चाचणीचा दाब आणि कमी दाबाचा प्रवाह हे दोन्ही लेबलावर, ताऱ्यांइतक्याच ठळक अक्षरात असावेत.

ताऱ्यांविषयी मला आणखी एक शंका आहे, आणि ती कमी दाबापेक्षाही जास्त लोकांना सतावत असावी. तारा हा शेरा आहे आणि लिटर हे माप आहे. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत नळाला 3 तारे म्हणजे मिनिटाला साडेसात ते 9 लिटर, 4 तारे म्हणजे 6 ते साडेसात, 5 तारे म्हणजे साडेचार ते 6, आणि त्याहून कमी प्रवाहाला 6 तारे. तिथल्या लेबलावर ताऱ्यांखाली लिटरचा आकडाही असतो, हे फार चांगले आहे. परंतु दुकानात बोलणे होते ते ताऱ्यांचेच. विक्रेता सांगतो की हा चार स्टारचा आहे, आणि माणूस शॉवरचे चार तारे, कमोडचे चार तारे आणि वॉशिंग मशीनचे चार तारे एकाच तागडीत टाकतो. प्रत्यक्षात प्रत्येक वस्तूची पट्टी स्वतंत्र आहे. नळाचे तारे मिनिटाच्या प्रवाहावर, कमोडचे एका फ्लशच्या सरासरीवर, आणि वॉशिंग मशीनचे तिच्या क्षमतेच्या मानाने लागणाऱ्या पाण्यावर ठरतात.

त्यातले वॉशिंग मशीनचे प्रकरण विशेष लक्ष देण्यासारखे आहे. समजा 10 किलोची एक मशीन एका धुण्याला 80 लिटर घेते, आणि 6 किलोची दुसरी 54 लिटर. किलोमागे पहिलीला 8 लिटर लागतात आणि दुसरीला 9, म्हणून क्षमतेच्या हिशेबात पहिली सरस ठरते आणि तिला जास्त तारे मिळू शकतात. परंतु ज्या घरात एका वेळी पाच किलोच कपडे निघतात, त्या घरात मोठी मशीन अर्धी रिकामी फिरते. काही मशिनी कपड्यांचे वजन ओळखून पाणी कमी घेतात, पण ते घटणे कपड्यांच्या प्रमाणात असतेच असे नाही. अशा घराने जास्त ताऱ्यांच्या मागे लागून मोठी मशीन आणली तर दर धुण्याला पाणी जास्त जाऊ शकेल, आणि घरातले सगळे समजत राहतील की आपण पाणी वाचवतो आहोत. लेबलावर पूर्ण भाराबरोबर अर्ध्या भाराचे लिटरही छापले, तर ही चूक जागच्या जागी थांबेल.

युरोपीय महासंघाने 1 मार्च 2021 पासून वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरसाठी नवे ए ते जी असे ऊर्जा-लेबल आणले. त्यावर एका धुण्याला लागणारे पाणी लिटरमध्ये छापलेले असते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु रंगीत पट्ट्यांवरचे ठळक अक्षर विजेच्या वापराचे असते आणि पाण्याचा आकडा खाली नळाच्या छोट्या चित्राशेजारी असतो. ठळक अक्षर पाहून ही मशीन पाण्यातही पहिल्या वर्गाची आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. शिवाय तो पाण्याचा आकडा इको प्रोग्रामचा असतो. घाईच्या छोट्या प्रोग्रामला किंवा जादा खंगाळण्याला किती पाणी लागते, हे त्यावरून कळत नाही. वीज आणि पाणी यांचे शेरे एकाच कागदावर असतील तर दोन्ही सारख्याच आकाराचे असावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कमोडच्या लेबलाकडे वळण्यापूर्वी एक इतिहास आठवावा लागेल. दोन बटणांची फ्लश टाकी ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्पसन यांनी 1980 मध्ये विकसित केली. तेव्हा पूर्ण फ्लशला 11 लिटर आणि अर्ध्या फ्लशला साडेपाच लिटर लागत. आज साडेचार आणि तीन लिटरच्या टाक्या सर्रास मिळतात. अमेरिकेत 1992 च्या कायद्याने 1994 पासून घरगुती कमोडची मर्यादा 6 लिटरवर आणली, त्याआधी एका फ्लशला 13 लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी जात असे. परंतु सुरुवातीचे अनेक 6 लिटरचे कमोड एका फ्लशमध्ये साफ होत नसत. लोक दोनदा फ्लश करीत आणि कमी पाण्याच्या वस्तूंवर वर्षानुवर्षे राग धरून बसत. हा राग साधासुधा नव्हता, त्याने पुढच्या चांगल्या वस्तूंचीही वाट अडवली. त्यातून धडा घेऊन वॉटरसेन्सने कमोडसाठी 4.8 लिटरची मर्यादा घालतानाच, एका फ्लशमध्ये मैल्याऐवजी वापरलेला 350 ग्रॅम चाचणी-पदार्थ वाहून गेलाच पाहिजे अशी अट घातली, आणि ही चाचणी उत्पादकाने स्वतः न करता स्वतंत्र प्रमाणन संस्थेने तपासावी असे ठरवले. पाणी कमी आणि काम पूर्ण या दोन्ही अटी ज्या लेबलामागे असतील त्याच लेबलावर लोक दुसऱ्यांदा विश्वास ठेवतील. शॉवरच्या बाबतीतही फवाऱ्याचा जोर आणि पसारा तपासला जातो की नाही हे आपण जाहीर करावे, कारण साबण धुण्यासाठी दुप्पट वेळ उभे राहावे लागले तर मिनिटाला वाचलेले पाणी तिथेच संपते.

दोन बटणांच्या टाकीची सरासरी काढताना ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत एक पूर्ण आणि चार अर्धे फ्लश धरतात. साडेचार आणि तीन लिटरच्या टाकीची सरासरी त्यामुळे 3.3 लिटर येते. हा हिशेब योग्य आहे, पण तो बटण बरोबर दाबले जाईल या गृहीतावर उभा आहे. कितीतरी टाक्यांवर कोणते बटण अर्ध्याचे आणि कोणते पूर्ण फ्लशचे हे ओळखता येत नाही. पाहुणे, मुले आणि वयस्कर माणसे दोन्ही एकदम दाबतात. बटणाची खूण कशी असावी याचा नियम लेबलाच्या अटींतच घालता येईल. गळतीचाही विचार त्यात हवा. टाकीच्या तळाचा रबरी वॉशर झिजला की पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहते, आणि 3.3 लिटरच्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून, फ्लश न करता दहा-पंधरा मिनिटांनी भांड्यात रंग उतरला का हे पाहण्याची सोपी तपासणी खोक्यातल्या पत्रकात चित्रासह द्यावी, आणि तो वॉशर किती वर्षे सुटा मिळत राहील याची हमी उत्पादकाकडून घ्यावी. वॉशर न मिळाल्यामुळे अख्खी टाकी बदलणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याहून जास्त, ती गळू देणारी.

शॉवरच्या लेबलाला विजेचीही एक बाजू आहे, जी क्वचितच सांगितली जाते. आठ मिनिटांच्या अंघोळीत मिनिटाला 12 लिटरऐवजी 7 लिटर पाणी वापरले तर 40 लिटर वाचतात. ते पाणी 20 अंशांनी तापवायचे असेल तर साधारण 0.93 युनिट वीज लागते, तीही वाचते. घरात चार माणसे रोज अंघोळ करीत असतील तर हा हिशेब चौपट होतो. पाणी स्वस्त आहे म्हणून लेबलाकडे काणाडोळा करणारी माणसे विजेचे बिल मात्र नीट वाचतात. त्यांच्यासाठी गरम पाण्याची ही बचत शॉवरच्या लेबलावर छापावी. मात्र त्याच जागी एक इशाराही हवा. गॅसवर लगेच पाणी तापवणाऱ्या गिझरला पेटण्यासाठी ठराविक किमान प्रवाह लागतो, आणि फार कमी प्रवाहाचा शॉवर लावला तर गिझर पेटत नाही किंवा मधेच विझतो. तेव्हा माणूस शॉवरमधला रेग्युलेटरच काढून फेकतो. त्याला आधी कल्पना दिली असती तर त्याने गिझरशी जुळणारा शॉवर निवडला असता.

कमी प्रवाह हाच नेहमी चांगला, असेही लेबलाने सुचवू नये. वाहत्या पाण्याखाली हात धुताना किंवा भांडी विसळताना कमी प्रवाहाचा नळ पाणी वाचवतो. परंतु ज्या नळाखाली बादली किंवा पातेले भरायचे असते तिथे मिनिटाला 5 लिटर येवोत की 12, बादली तेवढीच राहते. बदलतो तो फक्त ताटकळण्याचा वेळ. अशा जागी फार कमी प्रवाहाचा नळ बसवला की घरातली माणसे वैतागून नळाची जाळीच उघडून ठेवतात. नळ कुठल्या कामासाठी आहे, हातधुणीसाठी की भरण्यासाठी, हे लेबलावर एका चित्राने सांगता येईल.

आता ज्या गोष्टीने मला सर्वात जास्त वाईट वाटले ती सांगते. माझ्या न्हाणीघरांचे काम संपले तेव्हा खोकी, कागद आणि चिकटपट्ट्या फुटलेल्या फरशांबरोबर पोत्यात भरून बाहेर गेल्या होत्या. आज माझ्या भिंतीवरच्या शॉवरवर उत्पादकाचे नाव आहे, पण त्याच्या प्रवाहाचा आकडा नाही. पुढे कोणी हे घर घेतले किंवा भाड्याने घेतले तर त्यांना काय कळणार? बहुसंख्य नळ तर घरात राहणारा माणूस निवडतच नाही. बांधणारा, कंत्राटदार किंवा प्लंबर निवडतो, आणि राहायला येणाऱ्याने लेबल कधी पाहिलेलेच नसते. नळ पंधरा-वीस वर्षे टिकतो आणि लेबल दुकानापासून न्हाणीघरापर्यंतही टिकत नाही. म्हणून माझी दुसरी मोठी मागणी अशी आहे की प्रवाहाचा आकडा, चाचणीचा दाब आणि नोंदणी क्रमांक नळाच्या, शॉवरच्या आणि टाकीच्या अंगावरच कोरलेला असावा, दिसेल अशा जागी, पाण्याने आणि साफसफाईने पुसला जाणार नाही असा. ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेल्या वस्तूंची यादी कोणालाही शोधून पाहता येते. तशी यादी प्रत्येक संस्थेने खुली ठेवली आणि कोरलेल्या क्रमांकावरून वस्तू तिथे सापडू लागली, तर घर बदलणाऱ्यालाही आपल्या नळाची कुंडली पाहता येईल. जी जाळी बदलता येते तिच्यावरही आकडा असावा, कारण जुना नळ न काढता फक्त नवी जाळी बसवणे हा बहुतेक घरांना परवडणारा सर्वात सोपा मार्ग आहे.

बाजारातून वेळोवेळी नमुने उचलून पुन्हा तपासले जातात का, आणि त्यात नापास झालेल्या वस्तूंची नावे जाहीर होतात का, हेही आपण लोकांना सांगावे. एकदा मिळालेले तारे कायमचे राहतात असे उत्पादकाला वाटू लागले, तर प्रामाणिकपणे चांगला नळ बनवणाऱ्यावर अन्याय होतो.

मी या क्षेत्रातली तज्ज्ञ नाही. परंतु गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या घरांत जाऊन बादली आणि घड्याळाने मी अनेक नळ आणि शॉवर मोजले आहेत. कुठे टाकीचे पाणी आहे, कुठे पंपाचे, टाकी किती उंच आहे आणि लेबल सापडले तर त्यावर काय लिहिले होते, हे सारे एका वहीत नोंदले आहे. आपल्या कोणत्याही समितीला ती वही उपयोगी वाटली तर तिची प्रत मी आनंदाने पाठवीन, आणि लेबलाचा नवा मसुदा जेव्हा लोकांच्या सूचनांसाठी खुला होईल तेव्हा माझ्यासारख्यांना वाचता येईल अशा भाषेत तो प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक ग्राहक